आळीपाळीने प्रत्येक गावात, की सगळे एकाच चर्चमध्ये?

इंग्लंडच्या खेड्यांत आता पाच-सहा गावांना मिळून बऱ्याचदा एकच व्हिकर (चर्चचा पाद्री) असतो, मग रविवारची सर्व्हिस म्हणजे प्रार्थनासभा आळीपाळीने प्रत्येक गावात घ्यायची की सगळ्यांनी एकाच मोठ्या चर्चला यायचं, हा वाद येतोच. एकत्र आलं तर बाकं भरतात, ऑर्गन वाजवणारं कुणीतरी मिळतं, पोरांसाठी काही करता येतं आणि व्हिकरची धावपळ वाचते. पण रविवारी खेड्यात बस क्वचितच, त्यामुळे गाडी न चालवणाऱ्या आजी घरीच राहतात.

आळीपाळीत गोंधळ होतो हे खरं, पहिला रविवार इथे, दुसरा तिथे, पॅरिश मॅगझिन, म्हणजे चर्चचं स्थानिक मासिक, बघितल्याशिवाय कळत नाही. तरी मला तेच पटतं, कारण चर्च म्हणजे नुसती प्रार्थना नाही हो, शरद ऋतूत हार्वेस्ट फेस्टिव्हलला, म्हणजे सुगीच्या सणाला, चर्चच्या खिडक्यांत भोपळे, सफरचंदं, घरचा जॅम मांडतात ना, ते ज्याच्या त्याच्या गावातच व्हायला हवं, जिथे बाहेर पणजोबांची कबर आहे तिथेच.

छताचा खर्च मात्र दोन्हीकडे सुटत नाही, १९५५ पासून चालत आलेल्या नियमामुळे दर ५ वर्षांनी इमारतीची तपासणी असतेच. आणि व्हिकर नसेल त्या रविवारी कम्युनियन (पाद्रीच करू शकतो तो ब्रेड-वाइनचा विधी) सोडून साधी सकाळची प्रार्थना गावातल्याच कुणीतरी घ्यावी, तशी मुभा आहे.