वरच्या दाढेचं इम्प्लांट: सायनस लिफ्ट कोणती, आणि करायची का?

‘बोन ग्राफ्ट करू की सायनस लिफ्ट?’ हा प्रश्नच थोडा फसवा आहे. बोन ग्राफ्ट म्हणजे हाडाची भर घालणं. सायनस लिफ्ट म्हणजे वरच्या दाढांच्या वर असलेल्या हवेच्या पोकळीचा (सायनसचा) पातळ पडदा उचलून खाली हाडासाठी जागा करणं, आणि त्यातही बहुतेक वेळा हाडाची पावडर भरतातच. खरा प्रश्न हाड कुठे कमी आहे हा. रुंदी कमी असेल तर बाजूने भर घालावी लागते. सायनस लिफ्टने फक्त उंची वाढते. ४ मिमी जाडीच्या इम्प्लांटला साधारण ६ ते ७ मिमी रुंद हाड लागतं. म्हणून आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) करा आणि उरलेली उंची मिलिमीटरमध्ये विचारा.

उंची ५ ते ८ मिमी असेल तर इम्प्लांटच्याच छिद्रातून पडदा उचलता येतो. जखम लहान, इम्प्लांट बहुधा त्याच दिवशी. पण मिळतात ३-४ मिमीच, आणि पडदा फाटला तरी डॉक्टरांना तो थेट दिसत नाही. हातोडीने ठोकून केल्यास काहींना नंतर चक्करही येते.

उंची ४-५ मिमीपेक्षा कमी असेल तर बाजूच्या भिंतीत खिडकी पाडतात. पडदा डोळ्यांसमोर असतो, भर हवी तेवढी घालता येते. मात्र सूज जास्त, आणि इम्प्लांट घट्ट बसण्याइतकं हाड नसेल तर ६ ते ९ महिने थांबावं लागतं. पडदा फाटणं ही इथली सर्वांत नेहमीची अडचण. सायनसमध्ये हाडाचे आडपडदे असले की जास्तच. लहान छिद्र कोलाजेनने झाकून पुढे जातात. मोठं असेल तर तिथेच थांबून काही महिन्यांनी परत प्रयत्न करणारा डॉक्टर जास्त भरवशाचा.

तिसरी वाट बरेचदा सांगितलीच जात नाही: ६ मिमीचं आखूड इम्प्लांट. ६-७ मिमी चांगलं हाड असेल तर आम्ही आधी याचाच विचार करू. तोटा एवढाच, की पुढे कडेचं थोडं हाड झिजलं तरी आधार पटकन कमी होतो.

भरायला काय? स्वतःचं हाड लवकर जुळतं, पण विरघळून घटतं आणि दुसरी जखम होते. गाईच्या हाडाची पावडर फार सावकाश विरते, त्यामुळे भर टिकते. गाईचं हाड चालणार नसेल तर आधीच सांगा, कृत्रिम पर्याय आहेत.

सायनसचा संसर्ग चालू असेल तर आधी तो बरा करा. धूम्रपानाने दोन्ही प्रकारांत ग्राफ्ट फसण्याचा धोका वाढतो. नंतरचे दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची आणि स्ट्रॉ वापरायचा नाही. दाब बसला की भरलेली पावडर हलते.