फिलर की लिप लिफ्ट?

वरचा ओठ पातळ म्हणून फिलर (ओठात टोचून भरायचं जेल) घ्यावा की लिप लिफ्ट करावी, या पेचात असाल तर आधी नाक ते ओठ अंतर बघा. वयानुसार ते वाढतं. फिलरने ओठ भरतो, अंतर तेवढंच राहतं; हनुवटी मागे असेल तर बाजूने तोंडच पुढे आल्यासारखं दिसतं. लिफ्टमध्ये शस्त्रक्रियेने नाकाखालची त्वचेची पट्टी काढतात. अंतर घटतं, वरचे दात जास्त दिसतात. (हसताना आधीच हिरड्या दिसत असतील तर जपून!)

खर्च? फिलर एका खेपेला स्वस्त, पण हायलुरॉनिक ॲसिडचा फिलर साधारण ६ ते १२ महिन्यांत ओसरतो, की पुन्हा बिल. नाही आवडला तर इंजेक्शनने विरघळवता येतो. लिफ्ट कायमची, व्रणही.

अंतर बेताचं, मन डळमळीत: फिलर. अंतर लांब, निर्णय पक्का: लिफ्ट.