साइटवर सोलरवाला 4जी कॅमेरा, 8 महिने वापरून झाल्यावर

साताऱ्याजवळ प्लॉटवर घराचं काम चालूये, आम्ही राहतो पुण्यात, त्यामुळे चक्कर आठवड्याला एकच. ऑक्टोबरात फुटिंगसाठी (पायासाठी) टाकलेल्या 12 एमएमच्या 10 सळया रात्रीत गायब. 10 म्हणजे कमी वाटतं, पण 12 मीटरची एक सळई साडेदहा किलो भरते, शंभर किलोच्या वर लोखंड गेलं आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो साहेब मोजताना चुकलं असेल! वॉचमन परवडत नव्हता, आधी ठेवलेला नऊलाच घोरायचा. मीटर आला नव्हता, वायफायचा प्रश्नच नाही, म्हणून सिमकार्डवाला सोलर कॅमेरा घेतला.

पहिली चूक माझीच. नऊ फुटी बल्लीवर लावला, चौथ्या दिवशी कुणीतरी काठीने वर केला, सकाळी ॲप उघडलं तर नुसतं आभाळ. मग वीस फुटी पाईप काँक्रीटमध्ये रोवला. अलर्टचं तर विचारू नका, कुत्रं गेलं की टिंग, बाजूच्या रस्त्याने ट्रॅक्टर गेला की टिंग, बायको म्हणाली एक तर फोन बाहेर ठेव नाहीतर तू बाहेर झोप. ॲपमध्ये एरिया आखून सेन्सिटिव्हिटी कमी केल्यावर बरंच थांबलं. आणि दुकानदार सांगत नाही ते म्हणजे बॅटरीवरचा हा कॅमेरा चोवीस तास रेकॉर्ड करत नाही, हालचाल झाली की जागा होतो, तेवढ्यात सुरुवातीचे दोन-चार सेकंद गेलेले असतात. मेमरी कार्डही कॅमेऱ्यातच, तोच कुणी काढून नेला तर पुरावाही त्याच्याबरोबर गेला, म्हणून क्लाउडचे पैसे भरतोय.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. रात्री पावणेदोनला अलर्ट, दोघं जण सेंट्रिंगच्या प्लेटा (स्लॅब ओतताना खाली लावतात त्या लोखंडी) उचलतायत, त्याही भाड्याच्या. स्पीकरवरून ओरडलो, कोण आहे रे तिकडं, पोलिसांना फोन लावलाय! एक पळाला. दुसऱ्याने तोंडावरचा रुमाल नीट केला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि अजून दोन प्लेटा घेऊन आरामात गेला, कारण त्याला पक्कं माहीत की हा आवाज लांबून येतोय. 112 लावला, मळ्यातल्या काकांना उठवलं, ते बॅटरी घेऊन पोचेपर्यंत मैदान साफ. तक्रार देताना फुटेजपेक्षा जास्त विचारणा पावत्यांची झाली, तेव्हा बिलं जपून ठेवा.

त्यानंतर प्लेटांना मालकाला विचारून लाल ऑइलपेंटचा पट्टा मारला, सळई लागेल तेवढीच मागवायला लागलो, काकांच्या नंबरवर ॲपमधून कॅमेरा शेअर केला (त्यांच्या मुलाला जास्त हौस), मीटर आल्यावर सेन्सरवाला फ्लडलाइट लावला. तेव्हापासून काही गेलं नाही. श्रेय कॅमेऱ्याचं किती आणि काकांचं किती, मला विचाराल तर काका सत्तर टक्के. वायरिंगचे नुसते पाईप टाकलेत, तांब्याची वायर दारं-खिडक्या बसल्याशिवाय ओढणार नाही.

पॅनलवर सिमेंटची धूळ बसते, दर आठवड्याला फडकं मारायला लागतं, आणि आता जूनमध्ये सलग चार दिवस ढग होते तर बॅटरी 11 टक्क्यांवर आली. पावसाळ्यासाठी जादा पॅनल घ्याच.

बाकी सगळ्यात जास्त उपयोग कशाला झाला सांगू? स्लॅबच्या क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट, किमान 10 दिवस पाणी पाहिजे, कॉन्ट्रॅक्टर फोनवर म्हणतोय दोन टाइम मारतोय साहेब, आणि मी बघतोय स्लॅब कोरडा ठणठणीत, वर बकरी बसलीये.