एक औंसाचा कॅस्टमास्टर: ओ'नील फोरबेच्या काठावरून स्ट्राइप्ड बाससाठी कितपत उपयोगी?

कॅस्टमास्टर हे धातूचं लूर, म्हणजे मासा भुलवायचं कृत्रिम आमिष. ओ'नील फोरबे हा कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस जलाशयाच्या पायथ्याचा छोटा जलाशय, आणि स्ट्राइप्ड बास तिथला मोठा शिकारी मासा. निकाल आधीच सांगतो. बोट नाही, काठावरूनच मासेमारी करायची आहे आणि समोरून वारा तोंडावर येतोय, अशा वेळी कॅस्टमास्टरइतकं लांब जाणारं दुसरं लूर या किमतीत मिळत नाही. पण पाकिटातून काढला आणि दोऱ्याला बांधला, असं केलंत तर त्याच्या निम्म्याच गुणांचा उपयोग होतो. वर दोन-तीन लूर दगडांत कायमची जातात, ती वेगळीच. दहा डॉलरच्या आतली वस्तू असली तरी पाण्यात पैसे घालायची हौस कुणाला नसते.

इथे एक औंसाच्या, म्हणजे साधारण २८ ग्रॅमच्या, क्रोम रंगाच्या कॅस्टमास्टरबद्दल लिहितोय. बनवणारी कंपनी ॲक्मे टॅकल. हा पत्रा ठोकून केलेला चमचा (चमच्याच्या आकाराचं लूर) नाही, पितळेच्या भरीव तुकड्यातून कापलेला आहे आणि त्याची दोन्ही टोकं तिरकी आहेत. पत्र्याचा रुंद चमचा हवेत गिरक्या घेतो आणि वाऱ्यावर भरकटतो. हा अरुंद आणि जड असल्यामुळे सरळ जातो. बाजारात याच्यासारखी दिसणारी स्वस्त लूर खूप आहेत. त्यातली बरीचशी हलक्या मिश्रधातूची ओतीव असतात. दिसायला तीच, पण त्याच वजनाला आकार मोठा होतो आणि फेकीत फरक पडतो.

फोरबेवर एवढ्या लांब फेकायची गरज का पडते, हे कळायला या माशाचा इथला इतिहास माहीत हवा. स्ट्राइप्ड बास मूळचा अटलांटिक किनाऱ्याचा. १८७९ मध्ये न्यू जर्सीच्या नेव्हसिंक नदीतून जेमतेम १३२ लहान मासे रेल्वेने कॅलिफोर्नियात आणून मार्टिनेझजवळ सोडले. १८८२ मध्ये आणखी सुमारे ३०० सोडले. १८८९ पर्यंत हा मासा सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारात विकायला आला होता. १९३५ मध्ये त्याची व्यापारी मासेमारी बंद झाली आणि तेव्हापासून तो फक्त गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी लोकांचा आहे. सॅन लुईस जलाशय आणि त्याच्या पायथ्याचा ओ'नील फोरबे १९६७ चे. फोरबेत हा मासा पोहोचला तो डेल्टातल्या (सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन नद्यांच्या मुखाकडचा प्रदेश) पाण्याबरोबर, अंडी आणि पिल्लांच्या रूपात, कालव्यांच्या पंपांतून. याची अंडी वाहत्या पाण्यात दोन-एक दिवस तरंगत राहावी लागतात, नाहीतर तळाला बसून मरतात. त्यामुळे साठलेल्या पाण्यात त्याची वीण होत नाही. तरी याच फोरबेत १९९२ मध्ये ६७ पाउंड ८ औंसाचा, म्हणजे सुमारे साडेतीस किलोचा मासा निघाला, आणि तो राज्याचा विक्रम आहे.

यातून गळवाल्याने एकच गोष्ट लक्षात ठेवायची: हा प्रवाहाचा मासा आहे. फोरबे दिसायला तळं असलं तरी पाणी सतत हलतं. डेल्टात पाणी मुबलक असतं तेव्हा, म्हणजे मुख्यतः हिवाळा आणि वसंतात, ते वर सॅन लुईसमध्ये चढवतात. उन्हाळ्यात मागणी वाढली की परत खाली सोडतात. प्रवाहाची दिशाच उलटते. ज्या बाजूने पाणी ओढलं जातंय तिकडे थ्रेडफिन शॅड या छोट्या माशांचे थवे जातात आणि त्यांच्यामागे बास. हा शॅडही परकाच, १९५३ मध्ये टेनेसीहून आणलेला. हे थवे काठाला लागून क्वचितच असतात. हलक्या लूरची फेक जिथे संपते त्याच्या थोडं पलीकडे पाणी उसळताना दिसतं, आणि तिथे जड धातूच कामाला येतो.

आता लूरमध्ये करायचे बदल.

पहिला बदल ट्रेबल हुकचा. फोरबेचा काठ दगडी भरावाचा आहे आणि उन्हाळ्यात पाणवनस्पती माजतात. तीन टोकांचा गळ दोन्हींत अडकतो, शिवाय माशाच्या तोंडातून काढताना वेळ जातो. तो काढून २/० मापाचा, मोठ्या डोळ्याचा सिंगल सायवॉश (एकाच टोकाचा) हुक लावा. काटेरी अणी पकडीने दाबून टाका. स्प्लिट रिंगची (हुक अडकवायच्या दुपदरी कडीची) खास पकड मिळते ती घ्या, नखांनी रिंग उघडायला जाऊ नका. बदलानंतर लूर काठाशी दोन हात ओढून पाहा. डावी-उजवी डुलायला हवी. नुसती गरगर फिरत असेल तर हुक फार मोठा झाला आहे, किंवा तुम्ही फार वेगाने ओढताय. बहुतेक वेळा दुसरंच कारण असतं.

दुसरा बदल पुढच्या टोकाला. लूरच्या भोकाला लीडर (दोऱ्याच्या टोकाला जोडलेला वेगळा तुकडा) थेट बांधू नका. धातूची कडा दर फेकीला दोरा घासते आणि गाठीजवळच तो तुटतो. कडी नसेल तर बसवा. त्याच्याआधी बॉल-बेअरिंग स्विव्हल (फिरती कडी) आणि स्नॅप (उघडझाप होणारी अडकण) हवाच. धातूचं लूर थोडं तरी फिरतंच, आणि तो पीळ दोऱ्यात साठत जातो. तासाभराने दोरा सैल पडला की त्याची जाळी होते. रीलला दोष दिला जातो, चूक स्विव्हल न लावल्याची असते.

याच्याशी जुळणारा रॉड नऊ फुटी आणि पाऊण ते दोन औंस वजन फेकणारा घ्या. ट्राउटच्या सहा फुटी नाजूक रॉडवर हे लूर म्हणजे नाकापेक्षा मोती जड: जोरात फेकलं तर टोक मोडेल, जपून फेकलं तर अंतर मिळणार नाही. रील ४००० मापाचं. त्यावर २० पाउंडी ब्रेडेड लाइन (विणलेला दोरा), स्पूलच्या (रीलवरच्या दोरा गुंडाळायच्या फिरकीच्या) कडेपासून दोन मिलिमीटर मोकळी सोडून. काठोकाठ भरलेला स्पूल वाऱ्यात हमखास गुंता देतो. पुढे २० पाउंडी फ्लुरोकार्बनचा तीन फूट लीडर, एफजी किंवा डबल युनी गाठीने जोडलेला. गाठ रॉडच्या टोकाबाहेर राहील एवढीच लांबी ठेवा. ड्रॅग (ताण वाढला की दोरा सोडणारा रीलचा ब्रेक) साध्या हातकाट्याने मोजून पाच पाउंडांच्या आसपास लावा. ब्रेड ताणला जात नाही, त्यामुळे माशाचा पहिला धक्का सोसायला ड्रॅगशिवाय दुसरं काही नसतं.

पॅचेको पास या खिंडीतून येणारा पश्चिमेचा वारा वसंतात आणि उन्हाळ्यात, विशेषतः दुपारनंतर, जोर धरतो. वाऱ्याचे इशारे देणारे दिवे तिथे आहेत. लाल लागला की बोटींनी पाण्याबाहेर यायचं असतं. काठावरच्याला मात्र हीच वेळ लाभाची ठरू शकते, कारण वारा ज्या काठावर आदळतो तिथे शॅड ढकलला जातो. समोरच्या वाऱ्यात फेक उंच करू नका. लूर कमी उंचीवरून जाऊ द्या आणि ते पाण्याला टेकायच्या क्षणी तर्जनीने स्पूल हलकेच थांबवा, म्हणजे दोऱ्याचा पोट आलेला भाग सरळ होतो. बेल (रीलवरची दोरा अडवणारी तार) हाताने बंद करा, हँडल फिरवून नाही. पुढची पायरी दोरा ताठ असण्यावरच अवलंबून आहे.

ती पायरी म्हणजे मोजणी. लूर पाण्यात पडल्यापासून मनात सारख्या लयीत आकडे म्हणा. दोरा अचानक सैल पडला की तळ आला. समजा आठला तळ लागला, तर पुढच्या फेकीला सहाला ओढायला सुरुवात करा, मग चारला, मग दोनला. मासे कोणत्या थरात आहेत हे असं चार-पाच फेकींत कळतं. आणि तळ आठला असताना दोरा पाचलाच सैल पडला, तर तो तळ नाही. लूर खाली जाताना माशाने घेतलंय. तेवढ्यात सैल दोरा गुंडाळून रॉड उचलला तरच तो लागतो. कॅस्टमास्टरला बरेच चावे असे पडतानाच येतात. म्हणून एकसारखं ओढत राहण्यापेक्षा पाच-सहा वळसे, मग थांबून दोन मोजेपर्यंत पडू देणं, पुन्हा वळसे, असं करा. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे चमकणारं लूर जितक्या वेगाने ओढावं तितकं चांगलं, हा समज.

मासे वर उसळत असतील, सीगल्स खाली झेपावत असतील, तर थव्याच्या मधोमध फेकू नका. त्यावरून पलीकडे टाका आणि कडेकडेने ओढून आणा. मध्यावर २८ ग्रॅम धातू आदळला तर शॅड पांगतो, आणि मग बासही खाली जातो.

शेवटची पंधरा फूट सगळ्यात महाग. भरावाचे दगड तिथेच असतात. लूर जवळ आलं की रॉडचं टोक वर करा आणि वेग वाढवा. अडकलंच तर रॉड वाकवून हिसके देऊ नका. ब्रेडमध्ये ताण साठतो आणि सुटलेलं लूर गोळीसारखं चेहऱ्याकडे येतं. चष्मा घालाच. दोरा एका लाकडी दांडक्याला चार वेढे द्या, पाठ फिरवा आणि सावकाश ओढा. हाताला गुंडाळाल तर ब्रेड कातडी कापेल. सुटल्यावर हुकाचं टोक नखावर टेकवून पाहा. घसरलं तर बोथट झालंय, कानशीने धार लावा.

याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. गढूळ पाण्यात आणि रात्री याची चमक वाया जाते. तेव्हा तळाला लावलेलं अँकोव्हीचं आमिष बरं. चार-पाच फुटांच्या वनस्पती भरलेल्या पाण्यात हे इतक्या लवकर बुडतं की दर फेकीला हिरवी दाढी घेऊन येतं. तिथे अर्ध्या औंसाच्या जिग हेडवर (वजन जोडलेल्या हुकावर) मऊ प्लास्टिकचा मासा लावा. हिवाळ्यात पाणी फार गार झालं की मासा मंदावतो आणि इतक्या चपळ लूरमागे धावत नाही. साधारण १३ ते २० अंश सेल्सिअस पाण्यात मात्र हे पुरेपूर कामाला येतं. अलिबाग-रेवदंड्याकडे खाडीत जिताड्यासाठी धातूची लूर फेकणाऱ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल, पण दोन माशांचं कुळ वेगळं आहे आणि जिताडा आडोसा धरून बसतो तसा हा बसत नाही. हा थव्याने फिरतो. एका जागी मासा लागला की पुढची फेक ताबडतोब तिथेच.

मासा हातात घेताना हात ओले करा, पोटाला आधार द्या. पाठीच्या पराचे काटे टोकदार असतात आणि कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार, त्यामुळे कल्ल्यात बोटं घालायची नाहीत. सोडायचा असेल तर पाण्याबाहेर कमीत कमी ठेवा, उन्हाळ्यात तर फोटोचा मोहही टाळा.

सोळा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला परवाना लागतो. वार्षिक परवाना आता घेतल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो. दोन रॉड लावायचे तर वेगळी परवानगी. या भागात बरीच वर्षं किमान १८ इंच आणि दिवसाला दोन मासे असा नियम राहिला आहे, पण परका मासा असल्याने या नियमांवर वाद सतत चालू असतो. डेल्टा स्मेल्ट (डेल्टातला छोटा स्थानिक मासा) आणि सॅल्मन मासे हा खातो, म्हणून मर्यादा सैल करावी असं एक बाजू म्हणते. मूळ दुखणं पाणी उपशाचं आहे, असं दुसरी. निघण्याआधी राज्याच्या मत्स्य विभागाचे चालू नियम वाचून जा.

घरी आणलात तर कातडी काढून बाजूची तांबडी पट्टी पूर्ण कापून टाका, उग्र वास तिचाच असतो. उरलेलं पांढरं मांस घट्ट असतं, आगळ-लसूण लावून रव्यात तळायला उत्तम. पण मोठ्या शिकारी माशात पारा साठतो. राज्याची आरोग्यविषयक सूचना पाण्यागणिक वेगळी असते आणि मुलांसाठी व प्रसूतीच्या वयातल्या बायकांसाठी जास्त कडक. ती पाहिल्याशिवाय ताटात वाढू नका. खायचाच तर किमान मापाच्या जरा वरचा घ्या, मोठा सोडा.

लूर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. हुकाच्या आणि क्रोमच्या टिकाऊपणासाठी तर खरंच, पण इथे आणखी एक कारण आहे. २०२४ च्या शरदात स्टॉक्टन बंदरात आणि ओ'नील फोरबेत गोल्डन मसल हा परका शिंपला सापडला. तो कालवे आणि पंपांचे पाइप बुजवतो आणि त्याची पिल्लं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. बूट, जाळी, बादली, दोऱ्याला चिकटलेली वनस्पती, सगळं काठावरच झटका. बादलीतलं पाणी तिथेच ओता. त्याच आठवड्यात दुसऱ्या तलावावर जाणार असाल तर ओले बूट नेऊ नका, दुसरा कोरडा जोड ठेवा.

पहिल्यांदा घेणाऱ्याने एक औंसाचे दोन क्रोम आणि पाऊण औंसाचा एक, एवढे घ्यावेत. बकटेल (हरणाच्या शेपटीचे केस) लावलेला प्रकार दिसायला छान असतो, पण केसांमुळे हवेत अडतो आणि सावकाश बुडतो. वारा नसलेल्या सकाळीच तो घ्यावा.