मुलाखत की मतपेटी : गोव्यातील तरुणांची एचआयव्हीविषयक माहिती जमवताना

एचआयव्हीचा धोका असलेल्या किशोरवयीन आणि तरुण गटांची माहिती जमवण्याचे काम एखाद्या संस्थेकडे आले, की नमुना किती घ्यायचा यावर बैठकीत दोन तास चर्चा होते आणि प्रश्न विचारायचे कसे हे शेवटच्या दहा मिनिटांत चहाबरोबर उरकले जाते. माझ्या अनुभवाने हा क्रम उलटा असायला हवा. समोरासमोर मुलाखत घ्यायची की मतपेटीत कार्डे टाकून निनावी उत्तरे घेणारे पोलिंग बूथ सर्वेक्षण करायचे, हा निर्णय सध्या ज्यांच्यापुढे आहे त्यांच्यासाठी हे टिपण आहे. मी पहिल्या पद्धतीने बरीच वर्षे काम केले आणि नंतर दुसरीकडे वळलो. त्यामुळे माझा तराजू अगदी कोरा आहे, असे मी म्हणणार नाही.

शासकीय निगराणीतून जे मिळते ते पुन्हा जमवण्यात अर्थ नाही. १९९८ पासून चालू असलेल्या सेंटिनेल (ठरावीक केंद्रांवर होणाऱ्या) सर्वेक्षणात प्रसूतिपूर्व तपासणीला येणाऱ्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचे नमुने तपासले जातात आणि त्यातील १५ ते २४ हा वयोगट नव्या संसर्गाचा अप्रत्यक्ष अंदाज म्हणून पाहिला जातो. त्यातून संसर्ग किती हे कळते. बिगरहंगामात गावी परतलेला शॅकवरचा वेटर निरोध वापरतो का आणि वापरत नसेल तर का, हे मात्र त्या नमुन्यातून कळण्यासारखे नाही. ते विचारावेच लागते.

पोलिंग बूथ सर्वेक्षणाची आपल्या शेजारच्या कर्नाटकात चांगली परंपरा आहे. दहा-बारा जणांचा एकसारखा गट बसवायचा, प्रत्येकासाठी पुठ्ठ्याचा आडोसा करायचा, आडोशामागे हिरवी, लाल आणि पांढरी अशा तीन पेट्या ठेवायच्या आणि प्रत्येकाला क्रमांक घातलेल्या कार्डांचा एक गठ्ठा द्यायचा. कार्यकर्ता मोठ्याने विधान वाचतो. होय असेल तर त्या क्रमांकाचे कार्ड हिरव्या पेटीत, नाही असेल तर लाल पेटीत आणि विधान आपल्याला लागूच नसेल तर पांढऱ्या पेटीत जाते. शेवटी साऱ्या पेट्या एकत्र ओतून कार्डे मोजली जातात. कोणी काय उत्तर दिले, हे मोजणाऱ्यालाही कधीच कळत नाही.

मुलाखतीची बाजू खरोखर भक्कम आहे, हे आधी मान्य करतो. एकाच व्यक्तीची सगळी उत्तरे एका फॉर्मवर असतात, त्यामुळे स्थलांतरित आणि स्थानिक, अविवाहित आणि विवाहित, दारू पिणारा आणि न पिणारा अशी हवी तितकी कोष्टके नंतर फिरवता येतात. संमती असेल तर त्या माहितीला रक्ततपासणीचा निकालही जोडता येतो. उत्तर संदिग्ध वाटले तर पुढचा प्रश्न तिथल्या तिथे विचारता येतो, आणि समोरचा अस्वस्थ झाला तर थांबता येते. विद्यापीठाच्या प्रबंधासाठी किंवा निधी देणाऱ्या संस्थेला सविस्तर विश्लेषण हवे असेल, तर मतपेटीतून ते निघणार नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

मग मी मुलाखत का सोडली? कारण तसे पाहिले तर क्षुल्लक आहे, पण गोव्यात त्याच्यातून सुटका नाही. इथे दोन माणसे भेटली की पहिल्या दोन मिनिटांत "तूं खंयचो?" (तू कुठचा?) आणि लगेच "कोणालो?" (कुणाचा?) हे विचारून होते. तिसऱ्या मिनिटाला गाव कळते, चौथ्याला वाडा, आणि पाचव्या मिनिटाला कुणाची तरी मावशी कुणाच्या तरी काकांच्या घरात दिलेली निघते. हा आपल्या समाजाचा मोठा गुण आहे. लग्नाच्या आणि मयताच्या वेळी त्याची किंमत कळते. पण "गेल्या तीन महिन्यांत तुम्ही पैसे देऊन शरीरसंबंध ठेवला का?" हा प्रश्न मावशीच्या शेजाऱ्याने विचारला, तर त्याचे उत्तर एकच असते.

एक प्रसंग सांगतो. कळंगुटच्या किनाऱ्यावर हंगामी काम करणाऱ्या एका बावीस वर्षांच्या मुलाची मुलाखत आमच्या एका कार्यकर्त्याने घेतली. कार्यकर्ता डिचोली तालुक्यातला, हुशार, नीट प्रशिक्षण घेतलेला. संध्याकाळी फॉर्म तपासताना तो फॉर्म मला फार आवडला. एकही रकाना रिकामा नव्हता, उत्तरांत कुठेही विसंगती नव्हती, अक्षर सुरेख होते. त्या आठवड्यातला उत्तम फॉर्म म्हणून इतरांना दाखवण्यासाठी मी तो बाजूला काढून ठेवला. दोन दिवसांनी चहा घेताना कार्यकर्ता सहज म्हणाला, "सर, तो मुलगा मयेचा निघाला. माझ्या आत्याच्याच वाड्यावरचा. सुरुवातीला बरा बोलत होता, पण ते कळल्यावर प्रत्येक प्रश्नाला 'ना' म्हणत राहिला." मी फॉर्म पुन्हा काढून पाहिला. चौथ्या प्रश्नानंतर खरोखरच सगळीकडे 'नाही' होते. विसंगती नव्हती, कारण सगळेच नाकारले की विसंगती उरतच नाही.

उपाय म्हणून बाहेरचे मुलाखतकार आणून पाहिले. त्यांना बोलीचा अडसर आला, आणि अनोळखी माणूस असल्या गोष्टी विचारतो म्हणजे तो पोलिसांचा नाहीतर वर्तमानपत्राचा असणार, अशी शंका घेतली गेली. तालुके बदलून कार्यकर्ते पाठवले, पेडण्याचा माणूस काणकोणला आणि काणकोणचा डिचोलीला. त्याने थोडा फरक पडला, पण गोवा इतके लहान आहे की नाते तिसऱ्या मिनिटाऐवजी दहाव्याला निघाले, एवढेच. शिवाय या विषयात नाव उघड होण्याची भीती इथे उगाच आलेली नाही. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा यांच्या एचआयव्ही संसर्गाचे निदान झाल्यावर त्यांना म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवले गेले. आजच्या वीस वर्षांच्या मुलाला हे नाव कदाचित माहीत नसेल, पण त्याच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ती गोष्ट माहीत असते आणि "कुठल्या कागदावर सही करू नकोस" ही ताकीद त्याच्यापर्यंत पोचलेली असते.

मतपेटीसमोर मात्र 'कोणालो' हा प्रश्न निरुपद्रवी होतो. बारा जण एकमेकांना ओळखत असले, कार्यकर्ता त्यांच्यातल्या एकाचा चुलतभाऊ असला, तरी कार्ड कुठल्या पेटीत गेले हे त्याला कळत नाही. आणि कळत नाही हे मुलांनाही डोळ्यांनी दिसते. गोपनीयतेचे आश्वासन देणे आणि गोपनीयता समोर दिसणे, यांत मला फार मोठे अंतर वाटते. कर्नाटकातल्या अभ्यासांतही समोरासमोरच्या मुलाखतीपेक्षा या पद्धतीत जोखमीचे वर्तन अधिक मोकळेपणाने सांगितले गेल्याचे आढळले आहे. माझ्याकडे तसे शास्त्रशुद्ध मोजमाप नाही. पण ज्या वाड्यांवर मुलाखतीत आम्हाला केवळ सद्वर्तनी तरुण भेटले होते, तिथल्याच बैठकीत हिरव्या पेटीत पडलेली कार्डे पाहून मी फॉर्मवरचा विश्वास कमी केला, हे कबूल करतो.

पद्धत निर्दोष मुळीच नाही. पहिल्या बैठकीला आम्ही एक पेटी पत्र्याची आणि दोन पुठ्ठ्याच्या ठेवल्या होत्या, जे हाताशी होते ते. पत्र्याच्या पेटीत कार्ड पडले की टक्क असा आवाज होई, आणि तिसऱ्या विधानापर्यंत साऱ्या हॉलला कळले होते की हिरव्या पेटीचा आवाज तो. पुढच्या वेळेपासून बिस्किटांच्या खोक्यांना रंगीत कागद लावले आणि तळाशी कापड घातले. दुसरी अडचण अशी की एखादा मुलगा एक विधान चुकला की त्याची कार्डे तिथून पुढे एकाने मागे पडत जातात. त्यामुळे प्रत्येक विधानाआधी कार्यकर्त्याने तो क्रमांक मोठ्या अक्षरांत वर धरून दाखवावा आणि आकडे न ओळखणाऱ्यांसाठी कार्डांवर आंबा, होडी, छत्री अशी चित्रे असावीत. आमच्याकडे हे दुसऱ्या वर्षी सुचले.

खरी मर्यादा विश्लेषणाची आहे. एका माणसाची दोन उत्तरे जोडता येत नसल्याने कोष्टक नंतर फिरवता येत नाही; ते गट बसवतानाच फिरवावे लागते. स्थानिक आणि स्थलांतरित यांची तुलना हवी असेल, तर दोघांच्या बैठका वेगळ्याच घ्याव्या लागतात. एकदा मिसळले की मिसळले. पुन्हा, एका बैठकीतले बारा जण एकमेकांसारखेच असतात, म्हणून दहा बैठका झाल्या की एकशेवीस स्वतंत्र उत्तरे मिळाली असे समजू नये. बैठकांची संख्या वाढवण्याची तयारी हवी.

मात्र पांढऱ्या पेटीत एक उपयुक्त ताळा दडलेला आहे, त्याकडे बऱ्याच जणांचे लक्ष जात नाही. समजा बारा जणांपैकी चौघांनी "मी आजवर शरीरसंबंध ठेवला आहे" या विधानाला लाल पेटी दाखवली. तर पुढे "गेल्या वेळी निरोध वापरला" या विधानाला पांढऱ्या पेटीत चारच कार्डे यायला हवीत. सहा आली, तर दोघांचा गोंधळ झाला किंवा दोघांनी आडोशामागेही लपणे पसंत केले. एवढे तरी कळते. मुलाखतीत तो एक सुबक 'नाही' झाला असता.

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत निवड अधिक गंभीर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत किशोरवय १० ते १९ आहे, पण २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध हा गुन्हा आहे आणि त्याची माहिती मिळालेल्या व्यक्तीवर ती कळवण्याचे बंधन आहे. सोळा वर्षांच्या मुलीने मुलाखतीत विश्वासाने काही सांगितले, की तुमच्या कार्यकर्त्यापुढे तिने टाकलेला विश्वास आणि कायदा असा पेच उभा राहतो. मतपेटीत कुणा एका मुलीचे विधान कुणाला कळतच नाही, त्यामुळे हा पेच बराचसा टळतो. पूर्ण टळतो असे नाही, कारण बैठकीनंतर एखादी मुलगी स्वतःहून बोलायला थांबली तर बंधन लागू होतेच. पालकांची परवानगी आणि मुलांची स्वतःची संमती नीतिसमितीपुढे ठेवावी लागेल, आणि वकिलाचा सल्लाही घ्यावा. मी वकील नाही.

काही गट असे आहेत, जिथे मी आजही मुलाखतच सुचवीन. मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरवर काम करणारी ओडिशा-झारखंडची मुले आपल्या नात्यांच्या जाळ्याबाहेरची असतात. त्यांना 'कोणालो' विचारणारा कोणी नाही, आणि मुकादम जवळपास नसेल तर ती मोकळेपणी बोलतात. (जून-जुलैच्या मासेमारीबंदीत त्यांना शोधायला जाऊ नये, त्यांतली बहुतेक गावी गेलेली असतात.) शरीरविक्रय करणाऱ्या तरुण स्त्रियांबाबतही मतपेटी अवघड जाते. २००४ मध्ये वास्कोजवळच्या बायणा येथील वेश्यावस्ती पाडली गेल्यानंतर हा व्यवसाय लॉज, भाड्याच्या खोल्या आणि मोबाइल यांच्यात विखुरला, आणि दहा-बारा जणींना ठरल्या वेळी एका छताखाली आणणे म्हणजे त्यांना एकमेकींपुढे उघडे करणे होय. तिथे एकीने दुसरीला कूपन देऊन पाठवायचे आणि भेट एकेकटीची घ्यायची, हे अधिक सभ्यपणाचे वाटते.

खर्चाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मतपेटीला सामान स्वस्त लागते आणि एका दुपारी बारा जण होतात. पण हॉल मिळवणे, मुलांना एकाच वेळी जमवणे आणि सुटीचा दिवस गाठणे यांत कार्यकर्त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. मुलाखतीत हेच कष्ट थोडे थोडे वाटले जातात.

तेव्हा गट स्थानिक, तरुण आणि एकमेकांच्या ओळखीतला असेल, आणि तुम्हाला प्रामुख्याने 'किती जण' हे जाणून घ्यायचे असेल, तर मी मतपेटीकडे झुकेन. 'कोण' आणि 'का' हवे असेल, तर मतपेटीनंतर थोड्याच पण सावकाश मुलाखती घ्याव्यात, आणि त्या शक्यतो गावाबाहेर.

एक शेवटची व्यवस्था मात्र विसरू नका. या पद्धतीत कोणाला चाचणीची गरज आहे हे आपल्याला कळत नाही, म्हणून आयसीटीसीचा, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्राचा, पत्ता आणि वेळ छापलेली छोटी कार्डे ठेवावीत. सुरुवातीला आम्ही ती दाराजवळच्या टेबलावर ठेवत असू, आणि बैठक संपल्यावर गठ्ठा जसाच्या तसा सापडत असे. आता प्रत्येक आडोशामागे पेट्यांशेजारी दोन-दोन ठेवतो, आणि आवरताना किती उरली तेवढे मोजतो.