ऑप्शनचा पेऑफ कॅल्क्युलेटर: पाडवा ते दिवाळी वापरल्यावर

ऑप्शन म्हणजे शेअर किंवा निर्देशांक ठरलेल्या भावाला घेण्या-विकण्याचा हक्क. त्यात किती नफा-तोटा होईल (पेऑफ) ते दाखवणारा हा कॅल्क्युलेटर २०२५ च्या गुढीपाडव्याच्या सुमारास वापरायला घेतला आणि दिवाळीपर्यंत वापरून पाहिला. नाव मुद्दाम देत नाही, कारण हे सगळे कॅल्क्युलेटर आतून सारखेच. स्ट्राइक (ठरलेला भाव), प्रीमियम (हक्काची किंमत), लॉट (एका सौद्यातली संख्या), एक्स्पायरी (सौदा संपण्याचा दिवस) भरायची. आलेख, ब्रेकइव्हन (ना नफा ना तोटा असा भाव), कमाल नफा आणि कमाल तोटा मिळतो.

एक्स्पायरीच्या दिवसाची रेघ चोख असते, तिथे नुसती बेरीज-वजाबाकी आहे. समजा निफ्टीचा २५,००० चा कॉल (खरेदीचा हक्क) १८० ला घेतला आणि २५,२०० चा ९५ ला विकला. खिशातून गेले ८५ पॉइंट. २०२५ मध्ये लॉट ७५ चा होता, म्हणजे तोटा फार तर ६,३७५ रुपये, नफा फार तर ८,६२५, ब्रेकइव्हन २५,०८५. हे कागदावरही जमतं. पण आयर्न कॉन्डोरसारख्या सौद्याचे चार लेग (चार वेगवेगळे ऑप्शन) आणि पळता बाजार असला की कागद-पेन्सिल मागे पडते. ऑर्डर टाकण्याआधी तोट्याचा आकडा डोळ्यांसमोर येतो, एवढ्यासाठी तरी मी हा ठेवणारच.

खर्चाचं मात्र बघायला हवं. हिरव्या रंगात दिसतो तो नफा खर्च वजा न करता. वरचाच स्प्रेड (एक घेतलेला, एक विकलेला कॉल) २३० आणि १२५ या भावांना मोडला, तर २० पॉइंटांचे १,५०० दिसतील. आता कॉन्ट्रॅक्ट नोटच्या (ब्रोकरच्या बिलाच्या) हिशेबाने बघा. चार ऑर्डरींची २० रुपयांप्रमाणे ब्रोकरेज ८०. विकलेल्या प्रीमियमवर एसटीटी (सौद्यावरचा कर) २०२५ मध्ये ०.१ टक्का होता, म्हणजे साधारण २४ रुपये (१ ऑक्टोबर २०२४ च्या आधी हाच दर ०.०६२५ होता). एक्स्चेंजचे सोळा-सतरा, ब्रोकरेज आणि या शुल्कावर १८ टक्के जीएसटीचे सतरा, स्टँप ड्युटी रुपयाच्या आत. झाले १४० च्या घरात. दीड हजारातून ते खुपत नाहीत. पण चार पॉइंट मिळाले की निघणाऱ्याच्या ३०० रुपयांतले जवळपास निम्मे इथेच संपतात. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले. तरीही खर्चाचा रकाना सेटिंगमध्ये लपवून का ठेवतात, कळत नाही. पहिल्या दिवशीच तो चालू करा.

दुसरी, वळणदार रेघ ‘आज’ची. ती ब्लॅक-शोल्सच्या, म्हणजे ऑप्शनची किंमत काढायच्या, सूत्रावर चालते आणि आयव्ही (ऑप्शनच्या भावातून निघणारा पुढच्या चढ-उताराचा अंदाज) आहे तेवढाच राहील असं धरते. कंपनीच्या निकालाआधी आयव्ही चढलेला असतो, आकडे आले की एका रात्रीत बसतो. शेअर वर जाऊनही कॉल स्वस्त होतो. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालादिवशी, निफ्टी जवळपास सहा टक्के पडला आणि दुसऱ्या दिवशी इंडिया व्हिक्स (निफ्टीच्या आयव्हीचा निर्देशांक) धाडकन उतरला. अशा वेळी ही रेघ शोभेची. मी आयव्हीची पट्टी पाच-सात अंकांनी खाली ओढून पुन्हा बघतो. कॅलेंडर स्प्रेडमध्ये (वेगवेगळ्या एक्स्पायरीच्या ऑप्शनची जोडी) तर हे केलंच पाहिजे. तिथे दिसणारा तंबूसारखा आलेख पुढच्या महिन्याच्या आयव्हीच्या अंदाजावरच उभा असतो.

शेअरच्या ऑप्शनमध्ये आणखी एक गोष्ट आलेखात येतच नाही. ऑक्टोबर २०१९ पासून हे सगळे सौदे डिलिव्हरीने, म्हणजे खरे शेअर देऊन-घेऊन, पुरे होतात. रिलायन्सचा १,४०० चा कॉल १२ रुपयांना घेतला, लॉट ५०० चा, खर्च ६,०००. एक्स्पायरीला भाव १,४०६ असला तर कॅल्क्युलेटर ३,००० चा तोटा दाखवतो. हिशेब बरोबर आहे, पण कॉल विकायचा राहिला तर शेअर उचलायला ७ लाख लागतील, आणि डिलिव्हरी मार्जिनचा (त्यासाठी आधी ठेवायच्या रकमेचा) तगादा चार दिवस आधीच सुरू होतो. निफ्टीवर शिकून शेअरकडे वळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. अमेरिकी बाजारासाठी बनवलेल्या फुकट साइट्सवर तर लॉटच १०० चा धरलेला असतो, तो आधी बदला.

पेड प्लॅन घेतला नाही. त्यातली ‘नफ्याची शक्यता ६८ टक्के’ ही ओळ त्याच आयव्हीतून काढलेली असते, तिच्यासाठी दरमहा पैसे कशाला? मोबाइलवर बोट जरा सरकलं की स्ट्राइक बदलतो, म्हणून लॅपटॉपवरच वापरतो. कराचा हिशेब तो करत नाही. एफ अँड ओचं (फ्युचर्स-ऑप्शनचं) उत्पन्न व्यवसायात धरलं जातं आणि आयटीआर-३ भरावा लागतो, ते काम सीएकडे.