दोरीचा चॉपर घ्या, पण साल्साचे टमाटर विळीवरच चिरा

आधीच सांगून टाकते. चॉपर चांगला आहे, पैसे वसूल होतात, पण ज्या टमाटरसाठी मी तो मागवला त्या टमाटरच्या कामाचा तो नाही. खोक्यावर मात्र लालभडक टमाटरचंच चित्र छापलंय, शेजारी वाटीभर साल्सा, म्हणजे मेक्सिकोकडची टमाटर-कांद्याची चटणी, आणि त्यात खोचलेले तिकोनी चिप्स. चित्र पाहून घेणार असाल तर पुढचं वाचा. कांद्यासाठी घेणार असाल तर शेवटी दोरीचं लिहिलंय तेवढं वाचा नि घेऊन टाका.

आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. कपाशी, तूर, हरभरा. घरात मिक्सर आहे, पण ऐन स्वयंपाकाच्या वेळी लाईन जाते आणि मिक्सर नुसता ओट्याची शोभा वाढवतो. म्हणून बिनलाईनचं काहीतरी हवं होतं. त्यात लेक अमरावतीच्या होस्टेलवर राहून साल्सा शिकून आली. सुट्टीत घरी आली की पहिली फर्माईश तीच, आणि तिच्या मागे जावेची पोरं. आमच्या घरात वाटीभर साल्सानं भागत नाही, गंजभर लागतो. एवढा कांदा बारीक चिरायचा म्हणजे चिरणारीचं रडून रडून तोंड सुजतं.

चॉपर ऑनलाइन मागवला. कुरिअरवाला गावापर्यंत येत नाही, त्यामुळे बाजाराच्या दिवशी यांनी तो दर्यापूरहून आणला. किंमत तीनशेच्या आत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अगदी याच घडणीचे चॉपर निरनिराळ्या नावांनी मिळतात आणि आतलं यंत्र सारखंच असतं. पारदर्शक प्लास्टिकचं ९०० मिलीचं भांडं, त्यात मधोमध एक दांडी, दांडीला वरखाली बसवलेली स्टीलची तीन वाकडी पाती. झाकणात चक्री आणि दोरी. दोरी ओढली की दांडी गर्रकन फिरते, सोडली की आतली स्प्रिंग दोरी परत गुंडाळून घेते. भांड्याच्या बुडाला रबर लावलंय, ते कामाचं आहे. ओट्यावरून सरकत नाही. जमिनीवर बसून मात्र नीट जमत नाही. फरशी ओली असेल तर भांडं सटकतं.

कांद्याचे चार-चार तुकडे करायचे, भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही. एका हाताने झाकण दाबून धरायचं आणि दोरी आडवी ओढायची. वरच्या बाजूला ओढली तर झाकण उचकतं आणि दोरी कडेला घासते. सहा-सात हिसक्यांत साल्साला हवा तसा, हरभऱ्याच्या डाळीएवढा कांदा होतो. दहाच्या पुढे गेलात तर त्याला पाणी सुटतं आणि तो उग्र, कडवट लागतो. ही पाती कापतात कमी नि ठेचतात जास्त, आणि कांदा जितका ठेचला जाईल तितका त्याचा झणका मोकळा होतो. म्हणून कच्चा खायचा कांदा चॉपरमधून काढला की चाळणीत घ्या, गार पाण्याखाली धुवा आणि निथळू द्या. पाणी पिण्याचंच वापरा. आमच्या बोअरच्या पाण्याने धुतला तर मीठ टाकायचं कामच राहत नाही.

मिरची आणि सांबार (कोथिंबीर) हेही यात होतात, पण कांद्यासोबत टाकले तरच. एकटा सांबार टाकला की तो दांडीला गुंडाळून बसतो आणि पाती रिकामीच फिरतात.

आता टमाटर. पिकलेल्या टमाटरची साल चिवट, आतलं मऊ. पातं आधी सालीवरून घसरतं, मग एकदम आत घुसतं आणि बियांभोवतीचा सगळा गर बाहेर पडतो. तीन हिसक्यांनंतर झाकण उघडून पाहा: बुडाशी गुलाबी पाणी, वर सालीच्या लांब लांब चिंध्या, आणि एखादी फोड अख्खीच्या अख्खी दांडीला चिकटून बसलेली. ती फोड मोडावी म्हणून आणखी ओढलं की बाकीच्याचा रस्सा होतो. तो भाजीत टाकायला चांगला, साल्साला नाही. अर्धेकच्चे, कडक टमाटर टाकून पाहिले. तुकडे जरा बरे पडतात, पण खाताना तोंडाला काही लागत नाही.

विळीचं किंवा धारेच्या सुरीचं काम वेगळं. ती सालीला एकदाच छेदते आणि गराला फार धक्का न लावता पुढे जाते. कच्च्या साल्सात टमाटरचा तुकडा तुकडाच राहायला पाहिजे, आणि सगळी भांडणं पाण्याशी आहेत. पाणी सुटलं की मीठ पातळ होतं, लिंबू पातळ होतं, आणि चिप्स बुडवला की तो मऊ पडून वाटीतच राहतो.

आम्ही करतो ती रीत अशी. अर्धा किलो टमाटर, एक मोठा कांदा, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर सांबार कोवळ्या दांड्यांसकट, एक लिंबू, मीठ. जिरं नाही, साखर नाही, चाट मसाला तर नाहीच. टमाटर मी दोन जातींचे मिसळते. लांबट, जाड गराचे संकरित टमाटर तीन हिस्से, कारण त्यांचे तुकडे टिकतात. चपटे, खाचांचे गावरान एक हिस्सा, कारण आंबटपणा त्यांच्यात आहे. गावरान बाजारात रोज दिसत नाहीत. दिसले की बाई सांगेल त्या भावात घेते. फ्रिजमधले टमाटर घेऊ नका. साधारण १२ अंशांच्या खाली ठेवले की टमाटरचा वास मरतो आणि नंतर कितीही लिंबू पिळलं तरी तो परत येत नाही. टोपलीतच ठेवावेत.

पुष्कळ जणी बिया काढून टाकतात. मी काढत नाही, चव त्या बियांभोवतीच्या गरातच जास्त असते. त्याऐवजी चिरलेले टमाटर चाळणीत घालून वरून अर्धा चमचा मीठ चोळते आणि पंधरा मिनिटं तसेच ठेवते. मीठ पाणी ओढून घेतं, ते खाली भांड्यात उतरतं. ते वरणात टाका, फेकू नका. मग निथळलेला कांदा, मिरची, सांबार घालून शेवटी लिंबू पिळायचं आणि मीठ चाखूनच वाढवायचं. आणखी दहा-पंधरा मिनिटं मुरू दिलं की वाढायला हरकत नाही.

मिरचीचं जरा बेताने घ्या. मेक्सिकोत यात हलापेन्यो किंवा सेर्रानो घालतात. हलापेन्योचा तिखटपणा स्कोव्हिल मापावर २५०० ते ८०००, म्हणजे तशी मवाळच. आपल्या बाजारातली बारीक मिरची तिला सहज भारी पडते, त्यामुळे मोबाईलवरच्या रेसिपीत हलापेन्यो जितकी सांगितलीय तितकी आपली घालाल तर पाहुणे उठून जातील. तिखटाचं मूळ बियांत नाही, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत असतं. लेकरांसाठी करताना तेवढी शीर खरडून काढली की झालं.

लिंबाबाबत तडजोड करायला लागत नाही. आपलं कागदी लिंबू आणि मेक्सिकोतलं छोटं लिंबू एकाच जातीचं. स्पॅनिश लोकांनी ते तिकडे नेलं, कांदा आणि सांबारही तिकडे त्यांच्यासोबतच पोचले. टमाटर आणि मिरची मात्र मूळची तिकडची, ती युरोपी जहाजांतून आपल्याकडे आली. लेकीने हे सगळं सासूबाईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे अर्धं सामान इकडचं नि अर्धं त्याइचं. फिट्टमफाट झाली." मग चमचाभर चाखून म्हणाल्या, "हे त बिनदह्याची कोशिंबीर हाय. फोडणी द्याची राहून गेली काय व?" आता त्यांची वाटी वेगळी काढून तिला मोहरी-हिंगाची फोडणी देते. साल्सा म्हणवणार नाही, पण भाकरीसोबत जातो झकास.

चिप्सची अडचण आहे. दर्यापूरच्या दुकानात मिळतात ते मसाल्याचे, त्यांच्यापुढे साल्साची चव लागत नाही. आम्ही ज्वारीच्या पापड्या तळतो, नाहीतर कालच्या भाकरीचे तिकोनी तुकडे तव्यावर मंद आचेवर कडक करतो. पोरांनी पिवळे पोंगे बोटांत घालून त्यांत साल्सा भरायची युक्ती काढली. मला आधी ते बरं दिसलं नाही, पण लागतं छान. फक्त भरला की लगेच तोंडात टाकायचा.

एक प्रकार असा आहे की ज्यात चॉपर पार बाद होतो. थंडीत भरताची वांगी तुराट्यांवर भाजतो तेव्हा त्याच विस्तवात चार टमाटर, दोन मिरच्या आणि सालीसकट लसणाचा गड्डा सोडायचा. साल काळी पडून फुटली की काढायचं, जळकी साल अर्धी ठेवायची, अर्धी सोलायची, आणि पाट्यावर मीठ घालून आधी लसूण-मिरची आणि मग टमाटर ओबडधोबड वाटायचे. मेक्सिकोतही भाजलेला साल्सा असाच दगडावर होतो. तिथला तीन पायांचा काळा खल, मोल्काहेते, बसाल्टचा असतो, आणि आपला काळ्या पाषाणाचा पाटाही बसाल्टच. लोखंडी खलबत्ता मात्र घेऊ नका, टमाटरच्या आंबटाने लोखंडाची चव उतरते. चॉपरच्या प्लास्टिकात गरम टमाटर घालायचे नाहीत हे तर खोक्यावरच लिहिलंय. यात पाणी सुटायचा प्रश्नच येत नाही, ते विस्तवातच आटलेलं असतं. माझ्या मते कच्च्यापेक्षा हाच भारी. लेकीला पटत नाही.

चॉपरची खरी तक्रार दोरीची. दिवाळीच्या फराळाला दाणे भरडत होते, दोरी मुठीपाशी तुटली आणि उरलेली सर्रकन झाकणात गेली. विकणाऱ्याला फोन केला, तर दोरी वॉरंटीत बसत नाही असं उत्तर. पात्यांना एक वर्ष वॉरंटी आहे म्हणे. पाती कुठे तुटतात? शेवटी यांनी झाकणाच्या खालचे तीन स्क्रू काढले. आतली चक्री अलगद, दाबून धरूनच उचलावी लागते, नाहीतर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी पट्टी उसळून बाहेर येते आणि परत बसवताना घाम फुटतो. चक्रीच्या भोकातून बारीक गुंफलेली नायलॉनची दोरी ओवून आतून गाठ मारली, गाठीचं टोक काडीने वितळवलं, चक्री चार वेढे उलटी फिरवून स्प्रिंगला ताण दिला आणि झाकण बंद केलं. ही दोरी मूळच्यापेक्षा मजबूत निघाली. सुतळी चालत नाही, तिचे धागे सुटून चक्रीत अडकतात. हे काम घरात कोणाला जमणार असेल तरच हा चॉपर घ्या, कारण दोरी कधी ना कधी तुटणारच.

धुताना झाकण पाण्यात बुडवू नका. आत पाणी गेलं की स्प्रिंग गंजते आणि दोरी अर्ध्यावर अडकायला लागते. ओल्या फडक्याने पुसा आणि उलटं करून वाळू द्या. भांड्याला मिरचीचा तिखटपणा चिकटून राहतो, नुसत्या पाण्याने जात नाही. साबण लावून घासल्याशिवाय त्यात लेकरासाठी सफरचंद करू नका. पाती काढताना दांडी वरून धरा. खालचं पातं दिसत नाही आणि तेच सगळ्यात धारेचं असतं.

दाणे भरड होतात, पत्ताकोबी छान होते, गाजर बरं. सुकं खोबरं टाकू नका. मेथी-पालकासाठी विळीच.

साल्सा किती टिकतो, हे माझ्या जावेने विचारलं होतं, म्हणून लिहिते. फ्रिजमध्ये तीन दिवस, तेही चव उतरत उतरत. बाहेर थंडीत दोन तास, एप्रिल-मेच्या आमच्या उन्हात तासाभराच्या आत संपवा. लाईन गेली आणि फ्रिज बराच वेळ बंद राहिला तर तो टाकून द्या. लोणच्यासारखा बरणीत भरून ठेवायचा विचार कोणी करू नये. लोणच्याला मीठ, तेल आणि आंबट सांभाळतं. यात तेल नाही आणि मीठ चवीपुरतंच, तो खराबच होणार.

मी पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा तारा दोरीचा कापला, एक तारा खोक्यावरच्या टमाटरचा. दोन मापांत मिळतो, घ्यायचाच तर मोठा घ्या. छोट्या भांड्यात मधली दांडीच एवढी जागा खाते की एका कांद्याच्या वर काही मावत नाही, आणि त्याची दोरी आखूड असल्यामुळे हिसके दुप्पट मारावे लागतात.